वाचक विचारतात : सहा कोर्स घेतले, एकही पुरा झाला नाही

गेल्या अंकात ऑनलाइन शिक्षणावरचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना इथे उत्तरं देते आहे. मी संख्याशास्त्र शिकवते. सुरुवातीची वर्षं पत्राद्वारे शिकणाऱ्यांच्या उत्तरवह्या तपासण्यात गेली, पुढे ऑनलाइन कोर्स तयार करू लागले. उत्तरांत माझ्या विद्यार्थ्यांचे दाखले येतील ते त्यामुळे.

ताई, मी ३४ वर्षांची आहे, नोकरी करते. दोन वर्षांत सहा ऑनलाइन कोर्सना नाव घातलं. डेटा ॲनालिसिस, पायथन, मानसशास्त्र असं बरंच काही. रात्री पडल्या पडल्या व्हिडिओ बघते, आवडतातही, पण तिसऱ्या आठवड्याच्या पुढे गाडी जात नाही. माझ्यात चिकाटीच नाही का? सातवा कोर्स घ्यावा की नाद सोडावा?

चिकाटीचा निकाल इतक्यात लावू नका. तुम्ही कुणाच्या रांगेत उभ्या आहात ते आधी पाहू. २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातून सेबास्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स जगाला खुला केला, तेव्हा सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावं नोंदवली. शेवटपर्यंत पोचले ते वीस-तेवीस हजार. त्यावेळी हा आकडा थोडा वाटला होता, पण पुढे प्रमाण आणखी घसरलं. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरच्या एमआयटी आणि हार्वर्डच्या कोर्सेसचा हिशेब २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यात २०१७-१८ या वर्षी कोर्स पूर्ण करणारे होते ३.१३ टक्के. म्हणजे शंभरातले तीन. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत मात्र हेच प्रमाण ४६ टक्के होतं.

या आकड्यांवरून दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, हा प्रयोग फसला. दुसरा म्हणतो, ग्रंथालयातून आणलेलं प्रत्येक पुस्तक आपण शेवटच्या पानापर्यंत वाचतो का? कुणी एका धड्यासाठी येतो, तो मिळाला की जातो, यात अपयश कसलं? दुसऱ्या तटाचं म्हणणं मला बरंचसं पटतं. पण तुमच्यासारख्यांचं त्यात काही नाही. ज्यांना पुरं करायचं होतं आणि जमलं नाही, त्यांचं काय अडलं, हे विचारायला हवं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाने युडॅसिटी या ऑनलाइन कोर्सच्या कंपनीबरोबर काही कोर्स चालवून पाहिले, त्यात गणितात मागे पडलेल्यांसाठीचाही एक होता. उत्तीर्णांचं प्रमाण इतकं कमी आलं की काही महिन्यांतच तो उपक्रम थांबवावा लागला. ज्यांना सोबतीची सर्वांत जास्त गरज होती, त्यांच्याच वाट्याला पडदा आला, असं मला त्या प्रसंगातून वाटत आलं आहे.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे येते. ‘पडल्या पडल्या व्हिडिओ बघते.’ सगळी मेख तिथे आहे असं माझं मत आहे. संशोधक केनेथ कोडिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मानसशास्त्राच्या एका खुल्या ऑनलाइन कोर्सची माहिती तपासली. जास्त व्हिडिओ बघणं किंवा जास्त वाचणं यांच्या तुलनेत जास्त स्वाध्याय सोडवणं हे शिकण्याशी सहापट घट्ट जोडलेलं निघालं. त्याआधी २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला होता. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि मग कागदावर आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटं झालं : लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. तुम्हाला व्हिडिओ संपताना जे ‘कळलं’ असं वाटतं, ते त्या पाच मिनिटांनंतरचं कळणं आहे.

हे मला माझ्याच कोर्सने शिकवलं. पहिल्यांदा मी ४५ मिनिटांचं व्याख्यान रेकॉर्ड केलं होतं. सरासरी, मध्यक, विचलन, सगळं ओळीने, व्याख्यांपासून. कोण किती वेळ बघतं याचा आलेख सातव्या मिनिटाला कड्यावरून पडावा तसा खाली आला होता. पण ३१व्या मिनिटाला एक टेकाड होतं. विद्यार्थी पुन्हा पुन्हा मागे जाऊन तेवढाच भाग बघत होते. तिथे मी एक उदाहरण सोडवलं होतं आणि मध्ये एक पायरी गाळली होती. इतकी वर्षं वर्गात ती पायरी मी गाळतच आले असणार, कुणी बोललं नव्हतं. दुसऱ्या वेळी कोर्स केला तेव्हा ते उदाहरण मी पहिल्याच मिनिटाला दिलं, न सोडवता, आणि म्हटलं, आधी तुम्ही करून बघा.

तेव्हा सातवा कोर्स नको. सहातला एक निवडा, ज्याचं तुमच्या कामात उद्या काही होईल असा. जिथे सोडलात त्या आठवड्याचा व्हिडिओ न बघता थेट स्वाध्याय उघडा. अडाल. जिथे अडाल तेवढ्यापुरताच व्हिडिओ शोधा. पलंगावर नको, टेबलाशी बसा, वही-पेन घेऊन. आणि ऑफिसातली एखादी मैत्रीण गाठा, जिला दर आठवड्याला दहा मिनिटं सांगायचं की या वेळी मी काय सोडवलं. तिला विषय कळला नाही तरी चालेल. कुणीतरी विचारणार आहे एवढ्यावर माणूस पुष्कळ टिकतो, हे मी उत्तरवह्यांच्या काळापासून बघते आहे.

माझी मुलगी नववीत आहे. गणिताचा गृहपाठ ती एआयच्या मदतीने करते. वही बघितली तर सगळं अचूक, शिक्षकांचा शेराही चांगला. चाचणीत मात्र गुण कमी पडले. ती म्हणते, ‘बाबा, मला येत होतं, पेपरच अवघड होता.’ फोन काढून घ्यावा का?

तुमच्या घरात घडलं ते जवळजवळ जसंच्या तसं एका प्रयोगात मोजलं गेलं आहे. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेतल्या सुमारे हजार मुलांवर तो झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांचे तीन गट होते. एकाला फक्त पुस्तक आणि वह्या. दुसऱ्याला साधा चॅटबॉट, मागेल ते देणारा. तिसऱ्याला शिक्षकांच्या सल्ल्याने बांधलेला चॅटबॉट, जो उत्तर न देता खुणा देई. सरावाच्या वेळी साध्या चॅटबॉटवाल्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, खुणावाल्यांची १२७ टक्क्यांनी. मग परीक्षा झाली, कुठलीच मदत नसताना. साध्या चॅटबॉटचा गट पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्के मागे पडला. खुणावाले पुस्तकवाल्यांच्या बरोबरीने राहिले.

यातल्या दोन गोष्टींवर मी बरेच दिवस विचार करते आहे. एक, चांगल्या चॅटबॉटमुळेसुद्धा परीक्षेत फायदा दिसला नाही, फक्त नुकसान टळलं. सरावातली १२७ टक्क्यांची झेप कुठे गेली? दुसरी, मागे पडलेल्या मुलांना आपण मागे पडलो हे जाणवलं नव्हतं. तुमची मुलगी खोटं बोलत नाहीये. तिला खरंच येत असल्यासारखं वाटत होतं. हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही हेच पुढे आलं : ज्या मुलांनी स्वतः झगडून उदाहरणं सोडवली ती जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं, ज्यांनी ओघवतं व्याख्यान ऐकलं त्यांना उलट वाटलं. डोक्याला त्रास झाला की माणसाला वाटतं, जमत नाहीये. तो त्रास म्हणजेच शिकणं चालू आहे, हे नववीतल्या मुलीला कुणीतरी मोठ्याने शेजारी बसून सांगावं लागतं.

फोन काढून घेऊ नका. न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये चॅटजीपीटीवर बंदी घातली आणि मे महिन्यात उठवली. आणि नीट बांधलेल्या एआय शिक्षकाकडून विद्यार्थी वर्गापेक्षा कमी वेळात जास्त शिकले असंही हार्वर्डमध्येच दिसलं आहे. त्या एआयला एका वेळी एकच पायरी पुढे न्यायचं, उत्तर हातात ठेवायचं नाही, असं आधी नेमून दिलं होतं. तुमच्या मुलीच्या फोनमधल्याला तसं कुणी काही नेमून दिलेलं नाही.

ते तुम्ही दोघं मिळून करा. नियम एवढाच : आधी कागदावर स्वतःचा प्रयत्न, चुकीचा असला तरी चालेल, पण पेन उचलायचं. मग त्या कागदाचा फोटो काढून विचारायचं, ‘माझी पहिली चूक कोणत्या ओळीत आहे? उत्तर सांगू नकोस.’ मग फोन बाजूला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच दुसरं उदाहरण कोऱ्या कागदावर. सकाळचं उदाहरण सुटलं तरच ते आलं असं धरायचं. एआय कधीकधी बरोबर ओळीलाही चूक म्हणतं, म्हणून ‘का चूक’ हेही तिने स्वतः तपासायचं.

माझ्या एका विद्यार्थिनीने नमुन्याचं विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते, काढताना n ने (एकूण आकड्यांच्या संख्येने) न भागता n वजा १ ने का भागायचं, यावर एक देखणा परिच्छेद लिहून पाठवला होता. वाक्यंवाक्यं बरोबर. तिचा तो नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी तिला फोन केला. म्हटलं, ‘पाच आकडे आहेत, त्यांची सरासरी तुला सांगितली. चार आकडेही सांगितले. पाचवा कितीही असू शकेल का गं?’ पलीकडे शांतता. मी बोलले नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘नाही... तो ठरलेलाच असणार. मग मोकळे चारच राहिले.’ रात्री तिने नवं उत्तर पाठवलं, तीन ओळींचं, एक शुद्धलेखनाची चूक असलेलं. मी त्याला पूर्ण गुण दिले.

मी महाविद्यालयात शिकवतो. आमच्या संस्थेने एआयने लिहिलेला मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर घेतलं आहे. एका अबोल, प्रामाणिक वाटणाऱ्या विद्यार्थ्याच्या निबंधावर त्याने ‘८७ टक्के एआय’ असा शेरा मारला. मुलगा रडकुंडीला आला आहे. वरून कारवाईचा आग्रह आहे. काय करू?

सर, त्या आकड्यावर कारवाई करू नका. हे मी संख्याशास्त्राची शिक्षिका म्हणून सांगते आहे.

ज्या ओपनएआयने चॅटजीपीटी काढलं, तिनेच जानेवारी २०२३ मध्ये असा मजकूर ओळखणारं साधन आणलं होतं. एआयच्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के ते ओळखू शकत होतं, आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये कंपनीने ते मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंधांवर ‘एआय’ असा शिक्का बसला. कारण समजून घेण्यासारखं आहे. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, यावर ही साधनं बरीचशी चालतात. परक्या भाषेत जपून, साध्या ओळखीच्या शब्दांत लिहिणाऱ्याचा पुढचा शब्द ओळखता येतोच. तुमचा अबोल विद्यार्थी असंच लिहीत असेल.

आता समजा साधन याहून पुष्कळ चांगलं आहे. २०० निबंध आले, त्यातले २० खरोखर एआयचे. साधन शंभरातले ऐंशी चोर पकडतं आणि निर्दोषांपैकी फक्त पाच टक्क्यांना चुकून धरतं. म्हणजे १६ दोषी सापडले आणि १८० निर्दोषांपैकी ९ जण अडकले. शिक्का बसलेल्या पंचवीसांत नऊ निरपराध. हे गणित कागदावर मांडून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा. संस्था ‘८७ टक्के’ हा आकडा दोषाची शक्यता म्हणून वाचत असेल, तर तो तसा वाचता येत नाही.

मुलाला बोलवा, पण चौकशीला बोलावतात तसं नको. निबंध समोर ठेवून दहा मिनिटं बोला : हा मुद्दा कुठून सुचला, हे उदाहरण का घेतलं, काय लिहून खोडलं? कच्चं लिखाण असेल तर आणायला सांगा. ज्याने लिहिलंय तो अडखळत का होईना, बोलतो. पुढच्या सत्रापासून आराखडा, पहिला खर्डा, शेवटचा निबंध असे टप्पे पाडा आणि प्रत्येकाला गुण ठेवा. याला वेळ लागतो, आणि तुमच्याकडे तो नाही, हेही मला माहीत आहे. सॉफ्टवेअरला दिलेल्या पैशात एखादा तपासनीस नेमता आला असता. हा मुद्दा बैठकीत मांडा आणि लावून धरा. अशा शेऱ्यावरून एखादा मुलगा चोर ठरला, तर तो पुन्हा मनापासून लिहील याची मला आशा वाटत नाही.

मॅम, आमच्या लाइव्ह क्लासला कॅमेरा चालू ठेवायची सक्ती आहे. आम्ही एका खोलीत चौघं राहतो. मला फार संकोच वाटतो. सर म्हणतात, कॅमेरा बंद म्हणजे लक्ष नाही.

तुझा संकोच रास्त आहे. कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांना कॅमेरा बंद ठेवण्याची कारणं विचारली होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सगळ्यांत वर होतं आपण कसे दिसतो याचं दडपण. मागे घरातली माणसं किंवा जागा दिसते, हेही बरेच जण म्हणाले. लक्ष नसणं हे मुख्य कारण निघालं नाही. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी त्याच वर्षी व्हिडिओ बैठकांच्या थकव्याची चार कारणं मांडली, त्यातलं एक म्हणजे स्वतःचा चेहरा सतत समोर असणं. आणि परीक्षेआधी कॅमेऱ्याने खोली फिरवून दाखवायला लावणं हा अवाजवी झडतीचा प्रकार आहे, असा निकाल २०२२ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या एका संघीय न्यायालयाने सरकारी विद्यापीठाविरुद्ध दिला होता.

सरांशी भांडू नकोस. त्यांना मेल लिही, अडचण सांग आणि सोबत पर्याय दे. ‘दर दहा मिनिटांनी तुम्ही एक प्रश्न टाका, आम्ही सगळे चॅटमध्ये उत्तर लिहू.’ मी स्वतः हेच करते. काळ्या चौकटींशी बोलताना शिक्षकालाही एकटं वाटतं रे, त्यांच्या सक्तीमागे बहुतेक तेच असणार. उत्तरं येऊ लागली की तो एकटेपणा कमी होतो.

बाई, मी ६८ वर्षांचा निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक. नात म्हणते, आजोबा, तुमचे धडे रेकॉर्ड करा. माझे जुने सहकारी म्हणतात, पडद्यावर कधी शिक्षण होतं का? मन दोन्हीकडे ओढतं आहे. आणि आता सुरुवात करायची तर कुठून?

सर, तुमच्या सहकाऱ्यांचा वाद फार जुना आहे. १९१३ मध्ये एडिसनने सांगितलं होतं की चलच्चित्रांमुळे शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील. पुस्तकं राहिली. १९८३ मध्ये शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी लिहिलं की माध्यम हे निव्वळ वाहन आहे. किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे जसं पोषण बदलत नाही, तसं माध्यमामुळे शिकणं बदलत नाही. दुसरे संशोधक रॉबर्ट कोझमा यांनी त्यांना उत्तर दिलं की काही गोष्टी विशिष्ट माध्यमातच जमतात. मी पुष्कळशी क्लार्क यांच्या बाजूने आहे. पण तुमच्या विषयात कोझमा यांचंही ऐकावं लागतं : लंबकाची गती संथ करून दाखवणं, फेकलेल्या वस्तूचा मार्ग एकेका क्षणावर थांबवणं, हे फळ्यावर खडूने होत नाही.

पडद्यावर शिक्षण होतं का, याचं उत्तर मला एका उत्तरवहीने दिलं. तेव्हा पडदाही नव्हता, फक्त टपाल होतं. एका विद्यार्थ्याने सहसंबंधाच्या गुणकावरून, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात याच्या मापावरून, एक दुसरीचं कारण आहे असं थेट काढलं होतं आणि मी समासात लाल शाईने ‘का?’ एवढंच लिहिलं होतं. पुढच्या वहीत पहिल्या पानावर त्याने लिहिलं, ‘बाई, त्या ‘का’वर मी चार दिवस काढले. आता सांगतो.’ आणि मग दोन पानं भरून लिहिलं होतं. त्याला मी कधी भेटले नाही.

तेव्हा रेकॉर्ड जरूर करा. पूर्ण अभ्यासक्रमाचा संकल्प सोडू नका, पण सुरुवात एका उदाहरणाने करा, जे मुलं वर्षानुवर्षं चुकतात ते तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? एडएक्सवरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या २०१४ मधल्या अभ्यासात दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला, तरी बघणाऱ्यांचं लक्ष साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नाही, आणि गुळगुळीत स्लाइडपेक्षा हाताने काढत काढत समजावलेलं जास्त बघितलं जातं. कोरा कागद, जाड पेन, वर टांगलेला फोन, इतकं साहित्य पुरे. चेहरा दिसला नाही तरी चालेल, हात दिसू दे. प्रश्न मांडून झाला की म्हणा, ‘इथे व्हिडिओ थांबवा, आणि करून बघा.’ खाली उत्तरं पाठवायला एक पत्ता द्या आणि पहिल्या दहा जणांना स्वतः उत्तर लिहा. नातीला फोन धरायला सांगा, पण आधी तिलाच तो प्रश्न घाला. ती कुठे अडते ते टिपून ठेवा आणि व्हिडिओत तिथेच थोडं जास्त थांबा.